क्लोज्ड मीटिंगच्या दाराबाहेर

"मॅडम, हा माणूस यापुढे एकदा जरी पिऊन आला, तर सरळ घरी जाईल. कायमचा." वर्क्स मॅनेजर साहेबांनी एवढंच सांगितलं आणि फाइल उघडली. म्हणजे मी निघावं.

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नवीन वेल्फेअर ऑफिसर होते. कॅन्टीनच्या पातळ वरणापासून कामगाराच्या घरातल्या भांडणापर्यंत, जे कुणालाच नको असायचं ते माझ्या टेबलावर यायचं. डिग्री ताजी, साडीला कडक स्टार्च आणि जिभेवर कायम एक भाषण तयार. आज ती पोरगी मला भेटली, तर मी तिला चहा पाजीन आणि गप्प बसायला सांगीन.

हा माणूस म्हणजे देवराव. खरं नाव सांगत नाही. मूळचा पारशिवनीकडचा, माझ्याच वयाचा, प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन. हात काढायला जरा उशीर झाला की बोट गेलं. नोकरी गेली तर घर गेलं, आणि नोकरी राहिली, दारूही राहिली, तर हात.

दवाखान्यात राहून तो नुकताच परतला होता. डॉक्टर म्हणाले, अंगातली दारू आम्ही काढली, डोक्यातली काढायला मीटिंगला पाठवा. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथं एकत्र बसतात, आपापलं सांगतात. फी नाही, भाषण नाही, आडनाव नाही. नागपुरात आडनाव न विचारता कुणी कुणाला खुर्ची देतं, हे मला खरंच वाटेना. भाषण नाही, याचं तर वाईटच वाटलं.

पहिली मीटिंग मी निवडली. धरमपेठेत, स्वच्छ हॉल, गुळगुळीत खुर्च्या. देवराव एकदा गेला, पुन्हा जाईना.

"काहून?" मी विचारलं.

"तिथं लोक इंग्रजीत रडतात, मॅडम. मले काय समजते?"

दुसरी त्याच्या घराजवळची. तिथून तो दारातूनच परत आला.

"आता काय झालं?"

"आत माझा साळा बसून हाये. त्याले पाहिलं का मले प्यावंच वाटते."

मी चिडले. तिसऱ्या मीटिंगला स्वतः घेऊन गेले. इतवारीत, एका शाळेची मागची खोली. पुढे सायकलवर तो, मागे लुनावर मी, वाटेतल्या देशी दारूच्या दुकानांवर नजर ठेवत. मे महिना होता. देवराव आत गेला, दार लागलं. मी व्हरांड्यात बाकावर बसले, नेमकी खिडकीतल्या कूलरच्या बाजूला. त्याच्या घरघरीत आतला एक शब्द कळेना. साडीचा स्टार्च मात्र भिजून गेला.

थोड्या वेळानं आत हशा उठला. साधा नाही, छप्पर हलवणारा. मग पुन्हा. माझ्या डिग्रीप्रमाणे दारूच्या दुःखावर इतकं हसायचं नसतं. मी ताबडतोब निदान केलं: हे लोक आत बसून पीत आहेत! उठले आणि दार ढकललं.

दहा-बारा माणसं. हातात काळ्या चहाचे ग्लास. मधोमध देवराव उभा, डोळे पुसत हसतोय.

"काय चाललंय इथं?" मी गरजले.

डोक्याला दुपट्टा बांधलेले एक काकाजी मीटिंग घेत होते. शांतपणे म्हणाले, "मीटिंग, ताई. तुम्ही पिता काय?"

"मी? शी! नाही!"

"मग बाहेर बसा. ही क्लोज्ड मीटिंग आहे. फक्त पिणाऱ्यांची. ओपनले घरचे चालतात, ती महिन्यातून एकदा असते."

"मी वेल्फेअर ऑफिसर आहे!"

"असू द्या. त्याचं औषध आमच्याजवळ नाही."

दार लागलं. आत पुन्हा हशा झाला. या वेळचा माझ्यावर, एवढं कूलरमधूनही कळलं.

मीटिंग संपून देवराव बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढं हसायला काय झालं होतं?"

"आतली गोष्ट आतच राहते, मॅडम." मग सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाला, "तेच घरी सांगितलं तर बायको रडते. साहेब ओरडते. तुम्ही भाषण देता. इथं हसले. म्हणजे त्यायनं बी तेच केलं होतं ना. पुढच्या वेळी तुम्ही नका येऊ. मी येतो आपला."

साहेबांनी मीटिंगचा रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, तिथून रिपोर्ट येत नाही.

"मग मला कळणार कसं?"

"गेटवर उभं राहून वास घ्या, सर."

घेतला बिचाऱ्यांनी, कितीतरी दिवस. दिवाळीत देवराव एकदा घसरला. त्या दिवशी कामावर आलाच नाही, स्वतःच इतवारीला जाऊन बसला. त्यानंतर नाही. त्याच प्रेसवरून, दहाही बोटं घेऊन रिटायर झाला. आता पारशिवनीत तोच मीटिंग घेतो.

परवा घरचे तांदूळ घेऊन आला होता. म्हातारा झालाय, हसणं तेच. चहा देताना मी खडा टाकला, "देवराव, आता तर आपण दोघंही पिकलो. त्या दिवशी काय हसले होते, सांगून टाका."

त्यानं कप खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही पिता काय?"

"नाही हो."

"मग बाहेर बसा."

माझ्याच घरात! नातवंडं खो खो हसली. मी निमूट तांदूळ आत नेऊन ठेवले. नोकरीत मी बरंच काही शिकले, त्यातलं पहिलं हे: ज्या मीटिंगमधून मला बाहेर काढलं, तीच खरी त्याची होती.