घरात पैलवान हाय जणू

आजारपण असलेल्या घरात किश्श्यांना तोटा नसतो. तोटा असतो तो ऐकणाऱ्यांचा. सुरुवातीला लोक फोन करून विचारतात, मग भेटल्यावर विचारतात, मग भेटायचंच टाळतात. किस्से मात्र साचत राहतात, आमच्या फ्रीजमध्ये सायीचे डबे साचतात तसे. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर थोडे बाहेर काढते.

तर आमची ओवी. वय सात, यंदा दुसरीत गेली. तिला फिट येतात. 'येत होत्या' म्हणायची अजून माझी हिंमत होत नाही. औषधं बदलून झाली, वाढवून झाली, फिट काही ऐकेनात. शेवटी डॉक्टरांनी कीटोजेनिक डाएट सुचवलं. म्हणजे जवळजवळ सगळं जेवण स्निग्ध. लोणी, तूप, साय, अंडी. भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ बंद. शरीर साखरेऐवजी चरबीवर चालायला लागलं की काही मुलांच्या फिट थांबतात म्हणे.

ओवीचे बाबा डॉक्टरांना म्हणाले, "लोणी, तूप, अंडी, मटण? डॉक्टर, ही ट्रीटमेंट न्हवं, हा तर आमचा रविवार झाला."

डॉक्टरही हसले. "रविवारी मटणाबरोबर भाकरी किती खाता?"

"मोजत न्हाई."

"आता मोजायचं," डॉक्टर म्हणाले.

ओवीचे बाबा आजऱ्याला बँकेत आहेत. शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. त्यामुळे मोजायचं काम माझ्या वाट्याला आलं.

*

मोजायचं म्हणजे काटा हवा. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडला गेले. दुकानदाराने भाजीवाल्यांकडे असतो तसला काटा पुढे केला. म्हटलं, हा नको, एक ग्रॅमसुद्धा दाखवणारा द्या.

त्याने मला नीट बघून घेतलं. "वैनी, मग तुम्ही गुजरीत जावा. सोनारकी काढताय व्हय?"

"न्हाई वो. लोणी मोजायचंय."

"लोणी?"

"व्हय. एकेक ग्रॅम."

त्याने हातातला काटा खाली ठेवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून भावाला ओरडला, "अरं, आज लोण्याचा भाव काय झालाय बघ रं जरा!"

*

मोजून दिलेलं सगळंच्या सगळं पोटात जावं लागतं. वाटीला चिकटलेलं लोणीसुद्धा हिशेबात धरलेलं असतं. म्हणून आमच्या घरात वाटी बोटाने पुसून खायची, हा नियम आहे. मी लहानपणी माहेरी, गारगोटीला, अशी वाटी पुसली असती तर आईने पाठीत धपाटा घातला असता. आता मीच ओवीच्या मागे लागते, "इकडची कड राहिली बघ."

एकदा नणंदेकडे गेलो होतो. ओवीने डब्यातलं खाल्लं आणि वाटी अशी पुसली की घासायची गरज राहिली नाही. नणंदेची शेजारीण दारात बसून हे सगळं बघत होती. ती मला म्हणाली, "घाला की वो पोरीला पोटभर. एकच तर हाय. वाटी खरवडून खायाय लागलीय ती."

मी काही बोलायच्या आत ओवीनेच उत्तर दिलं. आमच्याकडे बायकापोरीही 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात.

"मी पोटभर जेवलो काकू. आता वाटीच तेवढी खायाची ऱ्हायलीया."

*

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक मॅडम राहतात. रोज जिमला जातात, माझ्याशी कधी बोलायचं कारण पडलं नव्हतं. एक दिवस गेटपाशी माझ्या पिशवीतलं खोबरेल तेल, बदामाचं पीठ आणि चीज त्यांना दिसलं.

"अय्या, तुम्ही पण कीटोवर?" त्या थांबल्या. "मी पण!"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. एवढ्या मोठ्या गावात मी अजून दुसरं कीटोचं घर बघितलं नव्हतं.

"फरक पडला का?" त्यांनी विचारलं.

"पडला की. आधी रोज यायच्या. आता बंदच झाल्यात."

"क्रेव्हिंग्ज ना? माझ्या पण!"

मी हो म्हटलं. काय सांगणार? कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी 'मी पण' म्हणालं होतं. ते असं दोन वाक्यांत संपवणं माझ्या जिवावर आलं. मग आम्ही गेटपाशी उभ्या राहून फुलकोबीचा भात कसा करायचा यावर चांगला अर्धा तास बोललो. शेवटी त्या माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पण तुम्ही आणखी बारीक होऊन कुठं जाणार आहात?"

*

आता हा किस्सा तसा हसायचा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कोल्हापुरात माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, हे अगदी खरं. इथे आग्रह म्हणजेच माया. ओवीवर सगळ्यांची माया आहे, आणि म्हणूनच मला सगळ्यांची भीती वाटते. डबा बरोबर असो, हात जोडून सांगून झालेलं असो, कुणीतरी म्हणतंच, "एका घासानं काय हुतंय?"

चुलत दिरांच्या घरी बारसं होतं. पाळण्यापाशी गर्दी होती. तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी ओवीच्या तोंडात पेढा घातला. मी ते बघितलं आणि तोंडात बोट घालून तो पेढा बाहेर काढला. सगळ्यांच्या देखत. पाळण्याचं गाणं मध्येच थांबलं. ओवी रडली नाही. दाताच्या डॉक्टरांकडे बसते तशी तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पेढ्यानं काय मरती व्हय पोरगी?"

"फिट येऊन पडली तर मरंल बी," मी म्हटलं.

बारशाच्या घरात, पाळण्याशेजारी उभी राहून मी हे बोलले.

त्यानंतर आमंत्रणं बदलली. आधी 'यायचंच' असायचं, ते 'जमलं तर या' झालं. मग एक दिवस जाऊबाईंच्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटोच मोबाइलवर आले. जाऊबाईंनी मागाहून फोन केला. "तुला बोलवलं असतं गं, पर म्हटलं, पोरीचं हाल कशाला?"

"बरं केलंसा," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि ओवीच्या रात्रीच्या जेवणाचं लोणी मोजायला घेतलं. तुम्हाला खरं सांगते, मला त्या पंगतीत बसायचं होतं. ओवीलाही बसायचं होतं. त्यांचं जेवण आम्हाला नकोच होतं, नुसतं सगळ्यांच्यात बसायचं होतं.

*

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. पेठ वडगावहून त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या डाएटच्या विरोधातच. "पोरीला भाकरी न्हाई, हे कसलं औषध?" असं महिनाभर चाललं होतं. त्यांना स्वतःला चहाबरोबर चपाती-गूळ लागायचा. एकदा ओवी जवळ जाऊन म्हणाली, "आजी, मी नुसता वास घिऊ?"

त्या दिवसापासून आत्तींचा गूळ घरात दिसेनासा झाला. या वयात त्यांनी गूळ सोडला, या विचाराने मी हळहळले.

मग एका रविवारी ओवी टीव्हीसमोर बसलेली बघून मी ओढणीखाली क्रीमरोल लपवला आणि गच्चीवर गेले. मी गोड असंच खाते, चोरून. पाण्याच्या टाकीमागे वळले तर तिथे आत्ती उभ्या. हातात गुंडाळलेली चपाती, गाल फुगलेला.

आत्तींनी घास गिळला.

"टाकी भरली का बघाय आलतो," त्या म्हणाल्या.

"मी बी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं. मग जराशा सरकल्या आणि मला सावलीत जागा करून दिली. "खा हितं. तिकडं ऊन लागतंय."

*

आमच्या कोपऱ्यावर डेअरी आहे. मी जेवढं लोणी आणि साय नेते, तेवढं आख्ख्या गल्लीत कुणी नेत नाही. एक दिवस डेअरीवाल्या दादांनी विचारलंच, "वैनी, घरात पैलवान हाय जणू?"

आधी मी खरं ते सांगायची. पण फिट म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. कुणी म्हणतं कांदा हुंगवा, कुणी म्हणतं चप्पल हुंगवा, कुणी काहीच न बोलता आपल्या पोराला जवळ ओढून घेतं. त्या दिवशी मी दमले होते. म्हटलं, "हाय की."

दादा खुलले. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? अरं, पैलवानाला वरची जाड साय द्या रं! किती वजनाचा हाय?"

आता वजनाचं खोटं कसं बोलणार? "अठरा किलो."

दादांचा हात पातेल्यावरच थांबला. "अठरा?"

"लहान हाय अजून."

"आत्तापासनं खुराकाला लावलाय! ह्येला म्हणत्यात आई!"

घरी येईपर्यंत मी हसत होते. ओवीच्या खाण्याबद्दल ऐकून खूश झालेला असा माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

*

आता शेवटचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला कुस्तीची तालीम आहे. डेअरीत गेलेली बातमी तालमीत पोचायला कितीसा वेळ लागतो? एका संध्याकाळी तालमीचे वस्ताद दारात उभे. पांढरा फेटा, मोडलेले कान.

"पैलवान हाय का घरात?"

आवाज ऐकून ओवी बाहेर आली. दोन वेण्या, फ्रॉक, हातात सायीची वाटी. वस्तादांनी तिच्या डोक्यावरून आत बघितलं. "भाऊ कुठं हाय तुजा?"

"भाऊ न्हाई," मी म्हटलं. "हीच ती."

मग मी सगळं सांगितलं. फिट, औषधं, लोणी, काटा आणि डेअरीत मारलेली थाप. आत्तींनी चहा आणला, तर वस्तादांनी कप हातात घेतलाच नाही. "ऱ्हाऊ द्या. पोरीम्होरं गोड कशाला?"

ते ओवीला म्हणाले, "वाटी बघू." ओवीने पुसलेली वाटी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली. "आमच्या पोरास्नी सांगून दमलो. निम्मं तूप भांड्यालाच ठेवत्यात बेणी." एवढं बोलून ते निघून गेले. कांदा नाही, चप्पल नाही, मला एकही सल्ला नाही.

पुढे गणपती आले. तालमीच्या महाप्रसादाला गल्लीतच कढया लागतात. गेल्या वर्षी त्या दिवशी मी खिडक्या लावून घेतल्या होत्या, कारण जिलेबीचा वास थेट ओवीच्या खोलीत येतो. यंदा खिडकी लावायला गेले, तर खाली रस्त्यावर वस्ताद उभे.

"वैनी, पैलवानाचा डबा घिऊन खाली या. उद्या पोरांचं वजन हाय. वजनवाल्यांची पंगत येगळी असती."

कुस्तीच्या आधी वजन देतात. ते गटाच्या वर गेलं तर पोरगं खेळायच्या आधीच बाहेर. त्यामुळे ज्यांचं वजन असतं ते महाप्रसादाला हात लावत नाहीत.

"मग पंगतीला बसत्यात कशाला?" मी वरून विचारलं.

"खायाचं न्हाई म्हणून एकटा बसवायचा व्हय माणूस?"

मी ओवीचा डबा मोजून भरला. भरलेला डबा पुन्हा उघडून दुसऱ्यांदा मोजला. एवढ्या दिवसांनी ती पंगतीत बसणार होती. तिथेही कुणी माया करून घास भरवला असता, तर इतक्या महिन्यांची शांतता गेली असती आणि पुन्हा कुठल्या पंगतीला जायची माझी हिंमत झाली नसती.

पंगतीत सगळी दांडगी पोरं. प्रत्येकाच्या पुढे उकडलेली अंडी आणि काकडी. मध्ये ओवी, तिचे गुडघे त्यांच्या मांड्यांच्या निम्मेही नव्हते. मी मागे भिंतीला टेकून बसले. वस्तादांनी तिला काहीतरी समजावलं आणि ते दुसऱ्या पंगतीकडे गेले.

वाढपी बाहेरचा होता. जिलेबीची बादली घेऊन आला, पोरांना ओळखून एकेकाला टाळत पुढे सरकला आणि ओवीसमोर वाकला.

"तू घे गं बाळ. एकानं काय हुतंय?"

मी उठले. त्याच्या आधी ओवीने वाटीवर हात ठेवला होता.

"मी खात न्हाई. माझी कुस्ती लागलीया."

वाढपी हसला. "व्हय? कुणासंगं गं?"

ओवीने जरा विचार केला.

"दिसत न्हाई ते. सांगून बी येत न्हाई."

तिच्या शेजारी नव्वदेक किलोचा पैलवान बसला होता. त्याने हातातलं अंडं खाली ठेवलं आणि जरा सरकून तिला जागा करून दिली.