तासाभरात नितळ झालेलं पाणी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तुरटी तर त्याचीच होती, दाढीची.

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. चांगलं शिकवते असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला मला आवडे — जरा जास्तच आवडे. तिसऱ्या काय खातात, हा माझा हातखंडा विषय. खाडीतले एवढेसे शिंपले, पण शिकार नाही की भटकणं नाही. वाळूत बसल्या जागी पाणी आत ओढायचं, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव कल्ल्यांवर गाळून घ्यायचे आणि उरलेलं पाणी बाहेर सोडायचं. हिरवट पाण्यात तिसऱ्या ठेवल्या की ते हळूहळू नितळ होतं. हळूहळू — हा शब्द लक्षात असू द्या.

कॉलेजच्या प्रदर्शनात मी हे करून दाखवणार होते. डहाणूहून तिसऱ्या मागवल्या, कॅनमध्ये समुद्राचं पाणीही. आणि मी काय केलं? आम्ही नाशिककर, बाजारातून काहीही आलं की आधी नळाखाली धरणार. स्वच्छ धुतल्या आणि रात्रभर नळाच्याच पाण्यात ठेवल्या. खाऱ्या पाण्यातले जीव ते! सकाळी वास सुटला होता.

चुकलं, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण पाहुणे यायचे होते, मोठमोठाले. मी घरून तुरटी आणली, हिरव्या पाण्याच्या बरणीत फिरवली, तळाशी मेलेल्या तिसऱ्या मांडल्या आणि झाकण घट्ट लावलं. तासाभरात गाळ खाली बसला. टाळ्या पडल्या. मी त्या हसून घेतल्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर — पण यमुना होती.

यमुना सुरगाण्याकडची, माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिला पुढे हेच शिकायचं होतं. प्रकल्पासाठी तिने माझाच प्रयोग निवडला. तिचा भाऊ वलसाडकडे जीप चालवायचा. त्याने तिसऱ्या खाऱ्या पाण्यातून जिवंत आणून दिल्या. तिने त्या जिवापाड जपल्या. तास गेला, दुपार गेली, पाणी हिरवंच. संध्याकाळी ती मला बोलवायला आली.

"मॅडम, पानी जरा फिकं झालंय ना? मला तर दिसतंय."

झालं होतं. शेजारी तिने नुसत्या हिरव्या पाण्याची बरणी ठेवली होती, फरक सरळ दिसत होता. तिचं बरोबर होतं. पण तिचं बरोबर म्हटलं, तर माझ्या त्या तासाभराचं काय?

"मनाचे खेळ आहेत," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. "जीव नीट सांभाळले नसशील तू."

हे मी म्हणाले. मी — जिने स्वतःच्या सगळ्याच्या सगळ्या मारल्या होत्या.

ती वाद घालणारी नव्हती. पुढे शिकायचा विचार तिने सोडून दिला. मला ते कळलं तेव्हा काय वाटलं सांगू? वाईट नंतर वाटलं. आधी हायसं वाटलं.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला औषधांच्या दुकानात ती भेटली. कुठल्याशा ऑफिसात क्लार्क आहे. सोबत शाळेत जाणारी मुलगी होती. यमुना भर दुकानात माझ्या पाया पडली आणि मुलीला म्हणाली, "ह्याच त्या मॅडम. ह्यांनी तासाभरात पानी नितळ करून दाखवलेलं. मला नाय जमलं. माझ्या हातालाच यश नव्हतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "खरंच तासाभरात?"

किती वर्षं मी याच प्रश्नाला घाबरत होते, आणि विचारलं कुणी, तर एका लहान मुलीने. यमुना हसून माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले.

"मग मी पण शाळेत हेच करणार," मुलगी आईला म्हणाली.