तिठ्यावरचा दगड

परंड्याच्या रस्त्यावर एका तिठ्यापाशी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. कामाची, पावसाच्या आकड्यांची फाइल अवाढव्य. कोणत्या तालुक्याचे आकडे तिच्यात कुठून कुठवर आहेत, हे दाखवणाऱ्या खुणांचा एक लहानसा तक्ता त्या फाइलीत होता. ओझं नको म्हणून मूळ फाइल ऑफिसातच ठेवून तेवढाच तक्ता मी वेगळ्या फाइलीत उतरवून आणला आणि आता त्यातली एकही खूण काही दाखवेना. डोकं भंजाळलं. जवळचा कागद उडत होता, म्हणून त्यावर शेजारचा दगड ठेवला होता.

बिऱ्हाड लादलेलं घोडं घेऊन एक धनगर आला. तिन्ही वाटांच्या कडेला वाकून काहीतरी शोधू लागला. मग माझ्या कागदाकडं पाहून थबकला.

"सायेब, ह्यो दगड कुठनं उचलला?"

"इथलाच आहे, मामा."

"कंच्या वाटंचा? भाऊ मेंढरं घिऊन फुडं गेलाय. ज्या वाटंला वळला तितं दगडावर दगड ठिवतो."

मी तिन्ही वाटांकडं पाहिलं. आठवेचना.

तो चिडला नाही. दगड हातात घेऊन शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुमचं काय हरवलंय?"

मी तक्त्याचं सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं.

"म्हंजी तितं बी तुमी दगडच उचलून आणला, व्हय?"

दगड परत माझ्या कागदावर ठेवून तो उठला. घोड्याचा कासरा सैल सोडला, आणि मेंढरांचा माग हुंगत घोडं वळलं त्या वाटेनं मागोमाग गेला.