फळ्यावरचा शब्द मी पुसला नाय

सरांनी डस्टर माझ्या तोंडावर फेकून मारलं. लाकडी बाजू लागली. खालचा ओठ फाटला.

गुन्हा एवढाच, की मी एक इंग्रजी शब्द बोलले होते.

शहागंजातला क्लास. मुलाखतीची तयारी करून घेणारा. मी शहराच्या कडेच्या हर्सूलची. आई शाळेत झाडझूड करती. कॉलेज पाहिलेली घरात मीच पहिली. त्या दिवशी सरांनी प्रत्येकाला स्वतःसाठी एक विशेषण सांगायला लावलं. मी डिक्शनरीतून शोधलं होतं. अर्थ दिला होता, महत्त्वाकांक्षी. लई कोरडा वाटला. मी वहीत माझा लिहिला : पुढं जायची आग लागलेली.

उभी राहिले. "आय ॲम ॲम्बिटियस." स्पेलिंग दिसलं तसं वाचलं.

सगळे हसायले.

"ॲम्बिशस," सर म्हणाले. "आई काय करते तुझी?"

"शाळेत झाडू मारती."

त्यांनी तो शब्द फळ्यावर मोठा लिहिला. डस्टर माझ्याकडं धरलं.

"ये, पूस. हा शब्द तुमच्यासाठी नाही. साफसफाईची सवय तर घरातच आहे."

मी पाय उचलला होता. खरं सांगते. सांगितलं की करायचं, ही सवय. मग फिनेलनं सोललेले आईचे हात आठवले. थांबले.

"नाय पुसणार."

तेव्हा ते डस्टर आलं.

तोंडातलं रक्त तिथंच फरशीवर थुंकले अन् पुढं गेले. सरांनी थोबाडीत मारायला हात उगारला. मी मनगट धरलं, पिरगाळलं. ते किंचाळले. मी सोडलं नाय. पोरांनी ओढून काढलं तेव्हाच सुटलं.

तिथून आईला घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. ती रडत होती. "सोड बाई, आपल्याला याच गावात ऱ्हायचंय."

हवालदारानं विचारलं, "कशावरून मारलं?"

"मी स्वतःला ॲम्बिशस म्हणाले म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आग लागलीय पुढं जायची. त्यांना ती खपली नाय."

"असलं तक्रारीत लिहीत नसतात."

"मग कागद द्या. मी लिहिते."

लिहिलं. सही केली. आईचा अंगठा साक्षीदार म्हणून नको, असं हवालदार म्हणाला, तरी ती तिथून हलली नाय.

क्लासमधून नाव काढलं. सरांचा निरोप आला, तक्रार मागं घे, माफी माग, परत बसू देतो. मी मागं घेतली नाय. घेणार बी नाय.

इंग्रजी चुकलं तर शिकीन. हात उगारला तर मोडीन.