गाण्यातला बाप

आमच्या स्टाफ बसचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत रोज त्यांची स्पॅनिश गाणी ऐकावी लागतात. एक ठरावीक गाणं लागलं की चाचा एसी बारीक करतात, आवाज वाढवतात आणि स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरतात.

"चाचा, कळतं का काही?" मी एकदा विचारलंच.

"कंपनीतल्या कोलंबियन पोरीनं सांगितलंय ना! पोरगा गरीब, पोरगी बंगल्यातली. बाप म्हणतो, आधी परदेशी जाऊन कमावून ये. तो कमावून येतो, तर तिचं लग्न झालेलं." चाचांनी मान हलवली. "बापाला काळीजच नाही, ताई."

परवा बस गेटवर उभी असताना त्यांच्या मुलीचा गावाहून फोन आला. स्पीकर चालूच होता.

"अब्बा, एकदा त्याला भेटा तरी."

"मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे तो. आधी इकडचा व्हिसा मिळव म्हणावं, मग बघू. खलास!"

फोन ठेवून चाचांनी तेच गाणं लावलं, आवाज वाढवला. बापाचं कडवं आलं आणि त्यांची मान पुन्हा तशीच हलली.

तेव्हापासून मला एकच कुतूहल आहे. गाण्यातला तो बाप कुठली गाणी ऐकत असेल?