देवेशच्या फोनवरचा ओटीपी

घरामागच्या भाटात माडांना नारळ लोंबत असताना इंटरनेटवरून नारळ मागवणारा माणूस अख्ख्या कोरगावात एकच निघायचा, गुरुदास. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचे नारळ, आणि ते म्हणे कुरियरने! शेजारच्या जानकीने कपाळाला हात लावला. पाडेल्याला हाक मारली असतीस तर माडावर चढून घटकेत काढून दिले असते, म्हणाली. गुरुदासचं उत्तर ठरलेलं. "पॉइंट मिळतात गो."

या पॉइंटांचं पुराण सगळ्या वाड्याला पाठ होतं. गुरुदास बरीच वर्षं इंग्लंडात एका गोदामात कामाला होता. बायको मालती तिथेच वारली, तसा तो गाशा गुंडाळून गावी आला. मुलगा देवेश तिथेच राहिला. तिथल्या बँकेचं क्रेडिट कार्ड मात्र गुरुदासने सोडलं नाही. खर्च केला की पॉइंट साठतात, पॉइंटांवर विमानाचं तिकीट मिळतं, त्या तिकिटावर देवेश चवथीला येणार, असं तो भेटेल त्याला धरून सांगायचा. परदेशी कार्ड इथे वापरलं की बँक वरून वेगळं शुल्क कापते, मग पॉइंट कसले नि काय कसले! हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

खरी गोम वेगळीच होती. कार्डाला मोबाइल नंबर देवेशचा लावलेला. गुरुदासने इथे काहीही घेतलं, की ओटीपी तिकडे देवेशच्या फोनवर जायचा आणि देवेशला ते आकडे फोन करून सांगावे लागायचे. एरवी त्याला सवड कुठली? आणि कामावरच्या माणसाला बापाने उगाच कशाला छळावं? म्हणून मग कधी टॉर्च, कधी चाळण, कधी पायपुसणं. आकडे लिहून घेता घेता जेवलास का, थंडी पडली का, एवढं विचारून व्हायचं. तेवढ्यावर गुरुदासचा दिवस बरा जायचा. आतल्या खोलीत न उघडलेल्या खोक्यांची थप्पी मात्र वाढत चालली होती.

चवथ आली नि गेली. देवेशला रजा मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा आपणहून फोन आला, तेव्हा गुरुदासचं काळीज सुपाएवढं झालं.

"बाबा, तुझं कायमचं काम करून टाकलं. कार्डाला आता तुझाच नंबर लावलाय. माझ्या फोनची वाट बघत बसायला नको."

"बरं केलंस," गुरुदास म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी त्याने एक छत्री मागवली. ओटीपी लगेच त्याच्याच मोबाइलवर येऊन पडला. घर त्याला खायला उठलं. मग, गावी आल्यापासून पहिल्यांदाच, त्याने स्वतःहून देवेशला फोन लावला.

"काय झालं बाबा?" देवेश घाबरलाच. "ओटीपी आला नाही?"

गुरुदासने समोरच्या आकड्यांकडे पाहिलं. "नाही रे आला," तो म्हणाला.

"मग थांब, बँकेलाच विचारतो," देवेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.