कुकरी आणि तिची दोन पिल्लं

आजवर व्यवहारात मला कोणीही फसवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचताना तसं वाटण्याचा संभव आहे.

डोक्यावर मेथीची टोपली घेऊन सुरुवात केलेला मी माणूस. अकोल्याच्या मंडईत स्वतःची गादी टाकली ती केवळ भाव पाडून. राग लवकर येतो, हे खरं. पण व्यापारात तोही उपयोगी पडतो.

मोठी लढाई संपून पलटणी घरी परतत होत्या तेव्हाची गोष्ट. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात करीमचाचांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. तिथे मला एक कुकरी दिसली. वीतभर रुंद वाटावं असं पातं, शिंगाची मूठ, कातडी म्यान.

"पाच रुपये, सेठ."

"तीन."

"सेठ, ये पलटन का माल है! गोरखा इससे झाड काटता है, लकडी फोडता है!"

"मंग त्याले विकाची गरज काहून पडली?"

चाचा हसले. म्यानाच्या मागच्या खिशातून त्यांनी बोटभर लांबीच्या दोन सुऱ्या काढल्या. "और ये दो बच्चे साथ में. एक छोटे काम का, एक धार लगाने का."

मला भाव पाडायला फट सापडली! "पिल्लं तुमी ठेवा. मले आई पुरे. तीन!"

चाचांनी सुस्कारा टाकला, पिल्लं गल्ल्यात ठेवली आणि कुकरी माझ्या हातात दिली. वर म्हणाले, "सेठ, मारो तो सीधा. फसी तो धीरे से हिलाके निकालो. मरोडना नहीं, पत्थर पे पटकना नहीं." सौदा झाल्यावर विकणारा काय बोलतो ते मी ऐकत नाही. (फुकटच्या सल्ल्याचा भाव पाडता येत नाही, त्यामुळे त्यात गोडी नसते.)

पंधरा दिवसांनी अमरावतीला माझ्या मेहुणीचं लग्न होतं. मी थोरला जावई. धाकटे जावई म्हणजे माझे साडू, अकोल्यातच शाळामास्तर. दुकानदार सांगेल ती किंमत मोजून देणारा माणूस! असा माणूस नात्यात असणं हीच माझी जुनी तक्रार.

आमच्याकडे कोहळ्याच्या भाजीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही. आणि अख्ख्या कोहळ्याला बाई आधी सुरी लावत नाही. पहिला हात पुरुषाचा. मांडवामागे चाळीस कोहळ्यांची रास होती. पंधरा बायका विळ्या मांडून बसल्या होत्या. कोयते घेऊन दोन गडी आले होते. मी त्यांना वाटेला लावलं. "घरी जा! कुकरी आहे मायाजवळ!"

पहिल्या घावाला कोहळ्याची दोन शकलं! "वा, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. तिथे थांबलो असतो तर आज ही आठवण लिहावी लागली नसती.

पाचव्या कोहळ्यात कुकरी रुतली. मी कोहळ्यावर पाय दिला आणि तिला पहारीसारखी पिरगाळली. मूठ कुरकुरली. मला राग आला. कुकरीसकट कोहळं डोक्यावर उचललं आणि विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर दाणकन आपटलं!

कोहळं शाबूत. दगड शाबूत. माझ्या हातात नुसती मूठ! पातं कोहळ्यात तुऱ्यासारखं उभं.

"वऱ्हाडी पार वेशीवर आले म्हन्तात!" सासूबाई पळतच आल्या. पस्तीस कोहळी अख्खी, चुली पेटलेल्या, आणि पंधरा बायका माझ्याकडे बघत. बिनभाजीची पंगत बसली तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. कोयतेवाल्यांमागे माणूस धाडला, तर ते शेतावर निघून गेलेले.

"कोहळे हायेत का दगड?" मी ओरडलो. "कोनं आनले हे?"

"तुमीच, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "भाव पाडून."

तेवढ्यात बदनेरा स्टेशनावरून आलेल्या टांग्यातून मास्तर उतरले. त्यांनी राशीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मुठीकडे पाहिलं. कोटाच्या खिशातून बोटभर सुरी काढली, उकिडवे बसले आणि एकेका कोहळ्याला जरा जराशी चीर देत पुढे सरकू लागले. चीर पडली की कोहळं बायकांकडे, आणि लगेच विळीवर फोडी!

"आवो, मानसानं नुसती चीर द्याची असते," माझी बायको दबक्या आवाजात म्हणाली. "फोडाले आमी हाओत ना! तुमाले कोनं सांगतलं होतं इतकं मर्दानीपन कराले?"

मी मास्तरांना विचारलं, "सुरी कुठून घेतली?"

"करीमचाचांकडून. दोन होत्या. दोन रुपये म्हणाले, दिले."

तीन आणि दोन पाच! चाचांना त्यांचे पाच मिळाले होते.

भाजी वेळेवर झाली. पंगतीत मास्तरांचा पाट पहिला. मीही दोनदा भाजी घेतली. उत्तम झाली होती, त्यामुळे राग जास्तच आला.

भांडायला चाचांकडे गेलो. त्यांनी पातं उजेडात धरलं. टवकासुद्धा उडाला नव्हता! "लोहे की क्या गलती, सेठ? मूठ लाख में बिठा देता हूँ. ऊपर से पीतल की खील ठोकेंगे. बारा आने."

"खीळ कायले पायजे? नुसती लाख. आठ आणे!"

चाचांनी सुस्कारा टाकला. (तो सुस्कारा मी आतातरी ओळखायला हवा होता.)

पातं अजून घरात आहे. गंज नाही, खाच नाही. मूठ पुन्हा सुटली, ती दुसऱ्या फडताळात असते. घरी कोहळं आलं की बायको मला विळीजवळ फिरकू देत नाही. "मास्तरांकडून चीर घालून आना," म्हणते. मग मी कोहळं काखेत मारून साडूच्या दारात उभा राहतो. मास्तर चीर देतात आणि त्याचं काहीच घेत नाहीत. नाहीतर निदान भाव तरी पाडला असता!